मूल पंधरा-पंधरा दिवस, पैसे मात्र शून्य : हा कुठला न्याय?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची वंदना झाली आणि विहारातच बैठक बसली. नवरा-बायकोचे पटत नव्हते, वर्षभर दोघे वेगळे राहत होते. मुलगी चौथीत. तो एका कंपनीत कंत्राटी सुपरवायझर, महिना तीस हजार घरी आणणारा. ती एका खासगी दवाखान्यात मावशी, पगार दहा हजार. बैठकीला आठ-दहा जण होते, त्यात आम्हीही होतो. तिने मुलीसाठी पैसे मागितले. तो म्हणाला, "मुलगी माझीपण आहे, मला ती हवी." मग कोणीतरी तोडगा काढला. मुलगी पंधरा दिवस आईकडे, पंधरा दिवस बापाकडे. दोन्ही घरे एकाच वस्तीत, शाळा एकच, अडचण काही नाही. आणि मूल दोघांकडे सारखेच राहणार म्हटल्यावर कोणी कोणाला काही द्यायचा प्रश्नच येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. "हीच खरी समता," असेही एक जण म्हणाले. स्टॅम्प पेपरवर लिहून झाले. साक्षीदार म्हणून खाली आमच्यापैकी दोघांच्या सह्या आहेत.

हा लेख त्या दोन सह्यांबद्दल आहे. आम्ही चुकलो होतो. आणि असे कागद आज गावोगावच्या, वस्त्यावस्त्यांच्या बैठकांत लिहिले जात आहेत म्हणून ही चूक चारचौघांत मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

पुढे काय झाले ते आधी सांगतो. पहिले तीन महिने पंधरा-पंधरा दिवस चालले. बापाच्या पंधरा दिवसांत मुलीचा डबा आजी करायची, वेणी आत्या घालायची. नंतर आत्याचे लग्न झाले, आजीचे गुडघे धरले. पंधराचे दहा झाले, दहाचे पाच. आता मुलगी महिन्यातले पंचवीस दिवस आईकडे असते. कागदावर मात्र अजून पंधरा-पंधराच आहे, आणि पैसे शून्यच आहेत. मागच्या जूनमध्ये आईने बचत गटातून कर्ज काढून फी भरली. शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा होता. बापाकडे शाळा सोडल्याचा दाखला मागितला, तर तो म्हणाला, "आधी मुलीला पाठव, मग बघू." त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली.

तरुण मित्रांनो, या कागदाला समता म्हणायचे का? चला, हिशोबच मांडू.

हिशोब काय सांगतो?

त्या मुलीचा महिन्याचा खर्च आम्ही तिच्या आईबरोबर बसून लिहून काढला. शाळेची फी दोन हजार, व्हॅन एक हजार, ट्यूशन आठशे. वह्या-पुस्तके, गणवेश, बूट यांचा वर्षाचा खर्च बारा महिन्यांत वाटला तर सातशे. औषधपाणी आणि किरकोळ पाचशे. हे झाले पाच हजार. जेवण, दूध, डबा, खाऊ यांचे तीन हजार. एकूण आठ हजार. यात खोलीचे भाडे आणि लाईट बिल धरलेलेच नाही.

आता नीट बघा. मूल पंधरा दिवस दुसऱ्या घरी गेले तर यातला कोणता खर्च निम्मा होतो? फक्त जेवणाचा. शाळा काही निम्मी फी घेत नाही. व्हॅनवाला पंधरा दिवसांचे पैसे सोडत नाही. बूट एकच जोडी लागतो, पण पूर्ण किमतीचा. आणि मुलीसाठी म्हणून जी दोन खणांची खोली आईने घेतली, तिचे भाडे मुलगी नसलेल्या पंधरा दिवसांतही चालूच असते.

"कोणी कोणाला काही द्यायचे नाही" या कागदाप्रमाणे चालले तर काय होते? फी, व्हॅन, ट्यूशन, औषध हे पाच हजार ज्याच्या अंगावर पडतात तोच भरतो, आणि आपल्याकडे ते आईच्याच अंगावर पडतात. वर तिच्या घरच्या जेवणाचे दीड हजार. म्हणजे आई दहा हजारांतले साडेसहा हजार मुलीवर घालते आणि बाप तीस हजारांतले दीड हजार. आईच्या कमाईचा शंभरातला पासष्टावा रुपयाही मुलीवर जातो, बापाचा पाचाच्या पुढे जात नाही. उरलेल्या साडेतीन हजारांत आईने भाडे भरायचे आणि स्वतः जगायचे.

आता न्यायाचा हिशोब करू. दोघांची कमाई तीनास एक आहे. मग आठ हजारांपैकी सहा हजार बापाचा वाटा, दोन हजार आईचा. बाप आपल्या घरी जेवणावर दीड हजार खर्च करतोच, ते वजा करू. उरले साडेचार हजार. ते त्याने दरमहा आईला द्यायचे. आई साडेसहा खर्च करते, साडेचार मिळाले, तिच्या पदरचे दोन हजार गेले. तपासून बघा. दोघांच्याही कमाईचा बरोबर पाचवा हिस्सा मुलीवर जातो. दिवस सारखे, आणि ओझेही कुवतीप्रमाणे सारखे.

मूल अगदी तंतोतंत निम्मे दिवस बापाकडे राहिले तरी या घरात साडेचार हजार देणे निघते. आणि आम्ही शून्यावर सही केली. विषमतेचे मोजमाप करायला शिकलेले लोक आम्ही! आरक्षणाच्या वादात समोरच्याला दहा वेळा सांगतो की असमान माणसांना समान वागवणे म्हणजे समता नव्हे. तेच तत्त्व विहाराच्या सतरंजीवर बसल्यावर कसे विसरलो?

'ताबा' आणि 'पोटगी'

आपली भाषाही इथे दगा देते. कायद्याच्या मराठीत मुलासाठी 'ताबा' म्हणतात. ताबा जमिनीचा असतो, घराचा असतो, जप्त केलेल्या मालाचा असतो. म्हणून बैठकीत माणसे मुलाची वाटणी शेताच्या बांधासारखी करतात: निम्मे तुझे, निम्मे माझे, विषय संपला. दुसरा शब्द 'पोटगी'. पोटापुरते दिले की झाले, असा त्याचा अर्थ लोक घेतात. पण मुलाला पोटाबरोबर शाळा आहे, दवाखाना आहे, उद्याचे कॉलेज आहे. आणि पोटगी म्हणजे बायकोला द्यायचे पैसे, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की मुलाचा निर्वाह हा वेगळा हक्क आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. बायकोने आपली पोटगी सोडली तरी मुलाचा निर्वाह ती सोडू शकत नाही, कारण तो तिच्या मालकीचाच नाही. स्टॅम्प पेपरवर "मुलासाठी काही मागणार नाही" असे लिहून घेतले तरी त्याने मुलाचा हक्क मरत नाही. हे आमच्या त्या कागदालाही लागू आहे.

कायदा कुठे उभा आहे?

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सगळ्यांना ऐकून माहीत आहे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले. त्याखाली अज्ञान मुलासाठी निर्वाह मागता येतो. घटस्फोट झालेला असण्याची गरज नाही. धर्माचा प्रश्न नाही. आईबापांचे लग्न कायदेशीर होते का, हाही अडसर नाही. अंतरिम रकमेचा अर्ज समोरच्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यातच आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम २० मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी बाप आणि आई दोघांवर टाकते. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ घटस्फोटाच्या खटल्यात मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांबद्दल आदेश काढण्याचा अधिकार न्यायालयाला देते, आणि परिस्थिती बदलली की तो आदेश बदलताही येतो.

दोघेही कमावते असतील तर काय? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. बापाचा पगार आईच्या साधारण दुप्पट होता. न्यायालयाने मुलांचा खर्च दोनास एक या प्रमाणात दोघांवर टाकला. आम्ही वर मांडलेला हिशोब आमच्या डोक्यातून निघालेला नाही, तो याच वाटेने जातो.

४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल तर प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे. त्याने दोन गोष्टी पक्क्या केल्या. निर्वाहाच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी आपली कमाई, मालमत्ता, कर्ज, खर्च प्रतिज्ञापत्रावर मांडायचे. आणि निर्वाह अर्जाच्या तारखेपासून द्यायचा, निकालाच्या तारखेपासून नाही. म्हणून "थोडे थांब, समजावून बघू" असे आपण आईला सांगतो तेव्हा तिचे एकेका महिन्याचे पैसे आपण बुडवत असतो.

पण एक मोठी उणीव आहे. मूल दोघांकडे राहत असेल तेव्हा रक्कम कशी काढायची, याचे कोणतेही कोष्टक आपल्या कायद्यात नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये २५७ क्रमांकाच्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. त्याबरोबरच निर्वाहाचीही नीट तरतूद सुचवली, गरज पडल्यास तो अठरा वर्षांच्या पुढेही चालू ठेवता यावा असे म्हटले. त्याचा कायदा झाला नाही. न्यायालये मात्र संयुक्त ताब्याचे, भेटींचे आदेश देऊ लागली आहेत. म्हणजे दिवस वाटण्याची पद्धत आली, पैसे वाटण्याची आली नाही. या मोकळ्या जागेत "मूल माझ्याकडेही राहते, मी कुठे दुर्लक्ष करतो?" हा युक्तिवाद वाढतो आहे. मुलाची ओढ म्हणून संयुक्त ताबा मागणारे बाप आहेत, त्यांना आमचा सलाम. पण पैशाचा अर्ज पडल्यावरच ज्यांना मुलाची आठवण होते, असेही आम्ही पाहिले आहेत.

बाहेरच्या देशांनी हे कोष्टक करून पाहिले आहे. ब्रिटनमध्ये मूल दुसऱ्या पालकाकडे वर्षात किती रात्री राहते ते मोजतात. ५२ रात्री झाल्या की देणे सातव्या हिश्शाने कमी, १०४ झाल्या की दोन सप्तमांशाने, असे उतरत जाते. आणि दिवसाची काळजीही अगदी समसमान घेतली जात असेल तर देणे थांबते, मग कोणाची कमाई कितीही असो. ऑस्ट्रेलियात दोघांची कमाई एकत्र धरतात, त्यातला प्रत्येकाचा वाटा काढतात आणि मूल कोणाकडे किती राहते ते त्यातून वळते करतात. तिथे मूल निम्मे-निम्मे राहिले तरी जास्त कमावणारा देतो. आमची विहारातली बैठक नकळत ब्रिटनच्या वाटेने गेली. आम्हाला दुसरी वाट हवी आहे. आणि रात्री मोजण्याचा आणखी एक धोका ध्यानात ठेवा: प्रत्येक रात्रीला किंमत आली की आईबाप मुलाच्या रात्रींसाठी भांडू लागतात.

ठरलेले आक्षेप

एक : "ती कमावते, मग मी का देऊ?" ती कमावते म्हणून तिचा वाटा ती देतेच आहे. तिच्या कमाईने तुमचे बापपण रद्द होत नाही. आणि उलट बाजूही सांगतो. आई शाळेत कायम शिक्षिका आणि बापाला हाताला काम नाही, असे घर असेल तर जास्त वाटा आईने उचलायचा. आम्ही बाईच्या बाजूने बोलत नाही, मुलाच्या बाजूने बोलतो.

दोन : "पैसे तिच्या हातात जातात, ती स्वतःवर उडवते." मग फी थेट शाळेत भरा, व्हॅनचे थेट द्या, पावती ठेवा. हा मार्ग उघडा आहेच. पण त्या साडेचार हजारांत आई कोणती चैन करणार आहे, हेही एकदा सांगा.

तीन : "माझी कमाई पक्की नाही." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. आपली निम्मी पोरे रिक्षा चालवतात, डिलिव्हरी करतात, नाक्यावर उभी राहतात, सफाईच्या कंत्राटात घासली जातात. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग खटल्यात पुन्हा बजावले आहे. पण ज्याला महिन्यात बाराच दिवस काम मिळते त्याच्यावर पगारदाराइतकी रक्कम बसवली तर थकबाकी वाढेल, वॉरंट निघेल, तुरुंग होईल. आणि तुरुंगात गेले म्हणून देणे फिटत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे : रक्कम छोटी चालेल, पण ठरलेली हवी, आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हवी. काम गेले तर रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज करता येतो, तो वेळेत करा. गप्प बसून बुडवणे हा गरिबीचा हक्क नव्हे.

चार : "ती भेटू देत नाही, म्हणून मी देत नाही." आणि तिकडून, "तो देत नाही, म्हणून मी भेटू देत नाही." दोन्ही चूक. आईबापाची भेट हा मुलाचा एक हक्क, खर्च हा दुसरा. एका हक्काला ओलीस ठेवून दुसरा मागायचा नसतो. भेट अडवली तर भेटीसाठी अर्ज करा, पैसे अडवले तर पैशासाठी.

पाच : "तो हिंदूंचा कायदा, आपण बौद्ध, त्यात कशाला जायचे?" बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा, ही मागणी आमचीही आहे. पण आज हिंदू विवाह कायदा, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा बौद्धांना लागू आहे, आणि कलम १४४ तर कोणत्याही धर्माचे नाही. शिवाय इतिहास विसरू नका. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी वर्षानुवर्षे रक्त आटवले आणि ते रखडवले गेले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे करून चार कायदे झाले. निर्वाहाचा कायदा त्या चारांतला एक. बाबासाहेबांनी ज्यासाठी खुर्ची सोडली ते हत्यार आपल्या मुलींनी वापरायचे नाही आणि ते न वापरण्याला स्वाभिमान म्हणायचे, हा कुठला आंबेडकरवाद?

सहा : "कोर्टात गेलो तर समाजाची बदनामी होते." पोलिस ठाण्यात आणि कचेरीत आपल्या माणसाला कशी वागणूक मिळते ते आम्हाला माहीत आहे. विहारातली बैठक त्यासाठीच बसते आणि ती बसावी. पण बैठकीला कायद्याने ठरलेल्यापेक्षा कमी देण्याचा अधिकार नाही. ज्या बैठकीत बाईला कोर्टापेक्षा कमी मिळते, ती बैठक जातपंचायतीपेक्षा वेगळी कशी?

सात : हा आक्षेप दबक्या आवाजात येतो. "सिद्धार्थानेही मूल सोडून घर सोडले होते." बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडा. तिथे सिद्धार्थ रोहिणी नदीच्या पाण्याच्या वादात युद्धाला विरोध करून देशत्याग पत्करतो, आणि यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन निघतो. राहुलाच्या दुधाचे पैसे चुकवायला तो पळाला नव्हता. आणि त्याच तथागतांनी सिगालाला गृहस्थाची कर्तव्ये सांगितली. मुलांना वाईटापासून दूर ठेवणे, त्यांना चरितार्थाची विद्या देणे, योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती देणे, ही आईबापांची कर्तव्ये आहेत. नवरा-बायकोचे पटत असेल तरच ती करायची, अशी अट त्यात कुठे आहे?

कागदही निर्वाहच आहे

एक गोष्ट इतरांच्या लेखांत सापडणार नाही, ती आपणच मांडली पाहिजे. आपल्या मुलांचा निर्वाह फक्त पैशाने होत नाही, कागदानेही होतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि कार्यालयात बापाकडचे, आजोबांकडचेच कागद मागितले जातात. म्हणजे विभक्त बापाच्या हातात एक असे कुलूप येते जे सवर्ण बापाच्या हातात नसते. दाखला अडवला की शिष्यवृत्ती गेली, पुढे प्रवेश गेला, वसतिगृह गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रमेशभाई नायका खटल्यात आंतरजातीय विवाहातल्या मुलाची जात फक्त बापावरून आपोआप ठरत नाही, मूल कोणी आणि कुठे वाढवले हेही पाहावे लागेल, असे सांगितले. पण तालुक्याच्या खिडकीवर आजही पहिला प्रश्न "वडिलांचा दाखला आणला का?" हाच असतो. संविधानाने दिलेले आरक्षण आपल्याच पोरीला मिळू नये म्हणून दाखला दाबून ठेवणारा बाप १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे नाचत असेल, तर आम्ही त्याला काय म्हणावे?

मग कागदावर काय लिहायचे?

ज्या कार्यकर्त्यांना बैठका कराव्या लागतात त्यांच्यासाठी, आमच्या चुकीतून शिकलेले :

१. दिवस ठरवण्याआधी पैसे ठरवा. मुलाचा खर्च ओळीओळीने लिहा, दोघांची कमाई लिहा, प्रमाण काढा. दिवस त्यानंतर.

२. कोण प्रत्यक्ष करतो ते विचारा. बापाचे पंधरा दिवस म्हणजे आजीचे पंधरा दिवस असतील, तर तसे लिहा. डबा, अभ्यास, ताप आला तर रजा कोण घेणार, हेही लिहा.

३. "दर सहा महिन्यांनी फेरविचार" ही ओळ हवीच. दिवस बदलले की रक्कम बदलणार. आमच्या कागदात हीच ओळ नव्हती.

४. जूनचा खर्च, आजारपण, ऑपरेशन यांचा वाटा वेगळा लिहा. हे दरमहाच्या रकमेत बसत नाही.

५. रक्कम बँकेत किंवा मोबाईलवरून पाठवायची, हातात नाही. उद्या पुरावा लागतो.

६. बापाने शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जुने पुरावे यांच्या प्रती त्याच दिवशी आईला द्यायच्या. नंतर बघू चालणार नाही.

७. "मुलासाठी काही मागणार नाही" हे वाक्य कोणत्याही कागदावर लिहू द्यायचे नाही. लिहिले असेल तर साक्षीदार म्हणून सही करायची नाही.

८. बैठकीत मिटले नाही तर जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाई असेल, मूल असेल किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आदेश झाल्यावर पैसे थकले तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करा, नाहीतर वॉरंटचा मार्ग बंद होतो.

शेवटी

आम्ही संयुक्त पालकत्वाच्या विरोधात नाही. उलट बापाने मुलीची वेणी घालावी, डबा भरावा, पालक सभेला जावे, तापात रात्रभर जागावे, यापेक्षा मोठी सांस्कृतिक क्रांती कोणती? २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी दिली आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची म्हणून उभे राहावे असे सांगितले. दोघांची वाट वेगळी झाली तरी ही बरोबरी संपत नाही, मुलाच्या बाबतीत ती तेव्हाच खरी सुरू होते. पण बरोबरीचा अर्थ कॅलेंडरची दोन भागांत घडी घालणे नव्हे. ज्याच्याकडे तीन भाकरी आहेत आणि जिच्याकडे एक आहे, त्या दोघांनी लेकराला अर्धी-अर्धी द्यायची, याला समता म्हणणे ही बनवाबनवी आहे. मग ती विहारात झाली काय आणि चावडीवर झाली काय.

मागच्या महिन्यात आम्ही त्या आईकडे गेलो. सह्या करणारे दोघेही होते. त्यांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "दादा, माफीचं काय करू? जून आला." ती बरोबर बोलली. आता तिचा अर्ज दाखल झाला आहे. त्याला साक्षीदार म्हणून तेच दोघे उभे राहणार आहेत, या वेळी खरे काय घडले ते सांगायला. मुलीच्या बापालाही आम्ही भेटलो. तो आपलाच माणूस आहे, वाईट नाही. हिशोब त्याच्यासमोर मांडला. पासष्ट आणि पाच हे आकडे त्याने दोनदा वाचले, आणि दाखल्याची प्रत आणून दिली. पैशाचे अजून ठरले नाही. ठरेपर्यंत आम्ही जात राहू.

तुमच्याही वस्तीत असा एखादा कागद असेल. त्यावर कदाचित तुमचीही सही असेल. तो काढा, हिशोब करा, आणि चुकला असेल तर दुरुस्त करा. उद्याच्या धम्मपरिषदेच्या भाषणापेक्षा एका मुलीची जूनची फी आम्हाला जास्त मोलाची वाटते.

जय भीम! नमो बुद्धाय!